विश्लेषण : पांढऱ्या शाईपेनावर निळे डाग का पडतात? घाट, दमट हवा आणि टोपणातल्या थेंबाचे गणित

कर्जतला खिशाला नीट लावलेले पांढरे शाईपेन लोणावळ्यात उघडावे, तर टोपण आतून निळे झालेले असते. पेन पडलेले नसते, कोणी ते दाबलेलेही नसते. नेरळहून माथेरानला जाताना किंवा खोपोलीहून घाट चढून वर जातानाही असेच होते. हा ओघळ त्याच दिवशी धुतला तर साध्या पाण्याने निघतो. तो आठवडाभर तसाच राहिला तर रंग प्लास्टिकमध्ये मुरतो आणि मग तो पूर्णपणे काढणे जवळपास अशक्य होते. पांढरे, पिवळे, आकाशी किंवा पारदर्शक पेन वापरणाऱ्यांना हा डाग का पडतो आणि तो कसा टाळायचा, हे माहीत असलेले बरे. कारण डाग घालवण्याच्या घाईत पेन कायमचे खराब होण्याची शक्यता डाग पडण्याइतकीच मोठी असते.

पूर्वीची शाईपेने काळीच का असत?

फाउंटन पेन म्हणजे झरणी. १८८४ मध्ये अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी शाईचा प्रवाह आवरणाऱ्या पेनाचे पेटंट घेतले आणि या पेनांचा प्रसार वाढला. तेव्हाची बहुतेक पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. हे रबर मुळातच गडद असते. त्यामुळे पेन काळे असणे हा फॅशनचा भाग नव्हता, तो कच्च्या मालाचा गुण होता. काळ्यावर शाईचा डाग दिसतच नसे.

१९२० च्या दशकात सेल्युलॉइड आले. शेफर कंपनीने १९२४ च्या सुमारास आणि पार्करने त्यानंतर लगेच या नव्या पदार्थाची पेने बाजारात आणली. हिरवी, पिवळी, मोत्यासारखी चमकणारी पेने लोकांना आवडली. त्यांच्याबरोबरच ‘डाग’ ही तक्रारही आली. आज बाजारात मिळणारी पांढरी आणि पारदर्शक पेने बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक, एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट अशा प्लास्टिकची असतात. पदार्थ बदलले, तक्रार तीच राहिली.

डाग पडतो म्हणजे नेमके काय होते?

शाईपेनाची नेहमीची शाई म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेला रंग. शिवाय शाई नीट वाहावी आणि तिला बुरशी लागू नये म्हणून थोडी इतर रसायने असतात. शाईचा थेंब प्लास्टिकवर पडला की तीन गोष्टी घडू शकतात.

पहिली, तो नुसता पृष्ठभागावर बसतो. पाणी लागले की निघून जातो. हा डाग नव्हे, ओघळ.

दुसरी, तो बारीक ओरखड्यांत आणि खाचांत शिरतो. लेथवर कापून बनवलेल्या टोपणांच्या आतल्या बाजूला हत्याराच्या गोल रेषा राहिलेल्या असतात, त्यांत शाई अडकते. पेनाच्या आट्यांमध्येही तेच होते. चकचकीत पृष्ठभागापेक्षा मॅट, खरखरीत पृष्ठभाग शाई जास्त धरून ठेवतो. इथली शाई नेटाने धुतली तर निघते.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. काही रंगांचे कण पाण्यापेक्षा प्लास्टिकशी जास्त जवळीक करतात. ते हळूहळू वरच्या थरात शिरतात आणि तिथेच राहतात. याला वेळ लागतो. काही तासांत सहसा काही होत नाही, काही दिवसांत फिकट छटा दिसते आणि काही आठवड्यांत ती पक्की होते. खरा डाग म्हणतात तो हाच.

यावरून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. शाई किती गडद आहे याला महत्त्व आहेच, पण त्याहून महत्त्व आहे ती कुठे आणि किती वेळ साचून राहते याला. टोपणात आठ दिवस पडून राहिलेला साध्या निळ्या शाईचा थेंब त्याच दिवशी धुतलेल्या गडद शाईच्या थेंबापेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

डाग सगळ्यात आधी कुठे दिसतो?

चार जागा ठरलेल्या आहेत. टोपणाची आतली बाजू, टोपण फिरवायचे आटे, निबेमागचा बोटे टेकवायचा भाग आणि थेट नळीत शाई भरत असाल तर नळीची आतली भिंत. यातल्या पहिल्या दोन जागा रोजच्या वापरात नजरेला पडत नाहीत. त्यामुळे डाग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पारदर्शक पेनात निबेखालची जीभ, म्हणजे शाई पुढे नेणारा खाचांचा भाग, रंगलेला दिसतो. तो शाईत राहणारच आहे, त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

शाईतला हा रंग येतो कुठून?

या प्रश्नाचे उत्तर खालापूर तालुक्याच्या अंगणात आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज विद्यार्थ्याला अ‍ॅनिलीनवर प्रयोग करताना जांभळा कृत्रिम रंग सापडला. तिथून कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. शाईत वापरले जाणारे अनेक निळे आणि जांभळे रंग याच कुळातले आहेत.

स्वातंत्र्यानंतर रंग आणि औषधांसाठी लागणारी अशी मूळ रसायने देशातच बनावीत, म्हणून केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना ज्या ठिकाणी उभा राहिला त्या जागेला नावच ‘रसायनी’ पडले. अ‍ॅनिलीन हे तिथले एक प्रमुख उत्पादन होते. २०१७ मध्ये सरकारने रसायनीतील हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला.

शाईचा धागाही इथून लांब नाही. १९३१ मध्ये दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई घराघरांत गेली आणि कॅमलिन हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला. कोकुयो कॅमलिनचा एक कारखाना आज रायगडमधल्या पाताळगंगा औद्योगिक परिसरात आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, शाईतला रंग मुळात कापड, कागद, लोकर अशा वस्तूंना चिकटण्यासाठी तयार झालेल्या रंगांच्या कुटुंबातला आहे. चिकटणे हा त्याचा दोष नाही, ते त्याचे काम आहे. पेनाच्या टोपणात तो चिकटू नये, ही जबाबदारी वापरणाऱ्याची.

घाट चढताना पेन का गळते?

शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते. ही हवा उंचीवर गेली की फुगते, कारण बाहेरचा दाब कमी होतो. फुगलेली हवा शाईला पुढे ढकलते आणि शाई निबेतून टोपणात उतरते. विमानात पेन गळते ते याच कारणाने. कर्जत आणि खालापूरच्या लोकांना विमानाची गरज नाही, त्यांच्या दारातच घाट आहे.

कर्जत शंभर मीटरच्याही खाली आहे, लोणावळा सहाशे मीटरच्या वर. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाने गाडी ही उंची तासाभरात चढते. कर्जतला मागे इंजिने जोडेपर्यंत वडापाव खाऊन होतो आणि लोणावळा येईपर्यंत पेनातली हवा साधारण सहा ते सात टक्के फुगलेली असते. खालापूर टोलनाक्यावरून द्रुतगती महामार्गाने वर जाणाऱ्या मोटारीत हेच याहून कमी वेळात घडते. नेरळ ते माथेरान हा चढ आणखी मोठा, सुमारे साडेसातशे मीटरचा. तिथे हवा आठ ते नऊ टक्क्यांनी फुगते. १९०७ पासून धावणारी छोटी गाडी हळू चढते, पण शेवटी फुगणारी हवा तेवढीच असते.

आता थेंबांचा हिशेब पाहू. शाईचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो.

- कन्व्हर्टरचे पेन, म्हणजे आत छोटी काढघाल करता येणारी नळी असलेले. अर्धे रिकामे असेल तर त्यात जेमतेम ०.४ मिली हवा. लोणावळ्यापर्यंत ती ०.०३ मिलीच्या आत फुगते. म्हणजे अर्धा थेंब. एवढी जादा शाई निबेखालच्या जिभेच्या खाचा सहसा सामावून घेतात.

- ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे पेन. त्यात तीन मिली शाई मावत असेल आणि दोन तृतीयांश संपली असेल, तर हवा दोन मिली. माथेरानला पोहोचेपर्यंत ती ०.१८ मिलीने फुगते. म्हणजे तीन ते चार थेंब. जीभ एवढे धरू शकत नाही. बाकीचे टोपणात जातात.

उष्णतेचाही असाच परिणाम होतो. पावसाळी गारव्यात २४ अंशांवर असलेले पेन शर्टाच्या खिशात अंगाच्या उबेने ३५ अंशांच्या पुढे गेले, तर आतली हवा सुमारे चार टक्के फुगते. दोन मिली हवा असेल तर जवळपास दीड-दोन थेंब. घाट आणि खिशाची ऊब एकत्र आली की टोपण निळे होणारच.

यावर उपाय सोपा आहे. घाट चढण्यापूर्वी पेन पूर्ण भरावे किंवा पूर्ण रिकामे करावे. अर्धवट भरलेले पेन सर्वांत धोक्याचे. प्रवासात निब वरच्या दिशेला ठेवावी. असे केल्यास फुगलेली हवाच निबेवाटे बाहेर जाते, शाई खाली राहते. वर पोहोचल्यावर टोपण निब वर धरूनच हळू उघडावे.

टोपण ओढून काढण्याने काय होते?

अनेक पेनांच्या टोपणात आणखी एक घट्ट अस्तर असते, निब वाळू नये म्हणून. असे टोपण झटक्यात ओढले की आत क्षणभर हवा विरळ होते आणि निबेतून शाई बाहेर खेचली जाते. दट्ट्याच्या पिचकारीत होते तसेच. लिहिणाऱ्याला ‘पेन गळतेय’ असे वाटते, प्रत्यक्षात त्याचा हातच शाई खेचत असतो. दाबून बसणारे टोपण थोडे फिरवत, सावकाश काढावे. दप्तरात किंवा बॅगेत पेन आडवे टाकले तर दुचाकीवरचा प्रत्येक खड्डा निबेवरची शाई टोपणात उडवतो. पेन उभे राहील अशी जागा ठरवून ठेवलेली बरी.

पावसाळा आणि उन्हाळा : कोण जास्त त्रासदायक?

दोन्ही, पण वेगवेगळ्या रीतीने. रायगड जिल्ह्यात मोसमात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटमाथ्याच्या बाजूला त्याहून अधिक. या दिवसांत हवा इतकी दमट असते की टोपणात पडलेला थेंब वाळतच नाही. तो ओला राहतो आणि ओल्या शाईतला रंग प्लास्टिकमध्ये शिरण्याचे काम चालू ठेवतो.

पावसाळ्याचा दुसरा त्रास बुरशीचा. शाई फिकट व्हावी म्हणून अनेकजण दौतीत नळाचे पाणी घालतात. त्यामुळे शाईतले बुरशीरोधक रसायनही पातळ होते. काही आठवड्यांत दौतीत साय आल्यासारखी दिसली किंवा कुबट वास आला तर ती शाई टाकून द्यावी. ती पेनात गेली तर बुरशी जिभेच्या खाचांत बसते आणि तिच्याबरोबर रंगाचा थरही. पातळ शाई हवीच असेल तर एका वेळेपुरती वेगळ्या झाकणात करावी. पेनातली उरलेली शाई दौतीत परत ओतू नये.

उन्हाळ्यात उलट घडते. मार्च ते मेमध्ये न वापरलेल्या पेनातले पाणी हळूहळू उडून जाते, रंग मागे राहतो. शाई दाट होत जाते आणि दाट शाई जास्त डाग पाडते. सुट्टीत पंधरा दिवस गावी ठेवलेले पेन उघडल्यावर निळी शाई काळपट दिसते, ती यामुळे.

फिकट पेनासाठी कोणती शाई निवडावी?

सर्वसाधारण नियम असा की, जी शाई कपड्यावरून सहज धुतली जाते ती पेनावरूनही सहज निघते. ‘वॉशेबल’ किंवा ‘रॉयल ब्लू’ या नावाने मिळणारी साधी निळी शाई पांढऱ्या पेनासाठी सर्वांत निर्धोक.

लाल, गुलाबी, जांभळ्या आणि फिरोजी छटांबाबत सावध राहावे. यातले अनेक रंग प्लास्टिकला लवकर धरतात. अतिशय गडद, रंगाने संपृक्त शायांचेही तेच. अमेरिकेतील नूडलर्स कंपनीची ‘बेस्टेट ब्लू’ ही झगझगीत निळी शाई पेने रंगवण्यासाठी जगभरातल्या पेनप्रेमींत प्रसिद्ध आहे.

लोहयुक्त शाई आणि रंगकणांची शाई हे दोन प्रकार वेगळे. लोहयुक्त शाई हवेशी संयोग होऊन कागदावर काळी आणि पक्की होते. दस्तऐवजांसाठी ती वापरली जाते. रंगकणांच्या शाईत रंग विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो. दोन्ही वाळल्यावर पाण्यात परत विरघळत नाहीत. महत्त्वाची सही किंवा नोंद यांसाठी त्या उपयोगी आहेत, पण त्यांच्यासाठी गडद रंगाचे, रोज वापरातले पेन ठेवावे.

नवी शाई आणल्यावर घरीच एक चाचणी करता येते. चिनी मातीच्या पांढऱ्या बशीवर एक थेंब पूर्ण वाळू द्या. मग नळाखाली धरा. बोट न लावता थेंब वाहून गेला तर शाई धुण्याला सोपी आहे. कडेला गोल रेघ राहिली किंवा चोळावे लागले तर ती पांढऱ्या पेनात न भरलेली बरी. प्लास्टिकमध्ये रंग मुरेल का, हे पाहायचे असेल तर जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणात थेंब चार दिवस ओला ठेवून धुवा. प्रत्येक प्लास्टिक वेगळे वागते, तरी अंदाज नक्की येतो.

शाई भरताना काय काळजी घ्यावी?

बरेचसे डाग भरतानाच पडतात. दौतीत निब बुडवून शाई ओढली की बोटे टेकवायचा पांढरा भागही शाईत जातो. निब आणि हा भाग जिथे जुळतात त्या फटीत शाई शिरते आणि तिथे निळे कडे तयार होते.

कन्व्हर्टर काढून सिरिंजने थेट त्यात शाई भरली की निब दौतीत बुडवावीच लागत नाही. सुई बोथट असावी. भरल्यावर कन्व्हर्टर बसवून निब खाली धरावी, शाई निबेपर्यंत आली की दोन-तीन थेंब दौतीत सोडावेत आणि निबेची मागची बाजू टिपकागदाला किंवा मऊ टिश्यूला टेकवावी. जादा शाई तिथेच शोषली जाते. टोपण लावण्यापूर्वी आटे कोरड्या कापडाने पुसावेत.

सिरिंज नसेल आणि निब बुडवूनच भरायची असेल, तर आधी पेनाचा पुढचा भाग साध्या पाण्यात बुडवून घ्यावा आणि वरवर टिपावा. खाचांमध्ये आधीच पाणी असले की शाईला घट्ट बसायला जागा कमी मिळते. भरून झाल्यावर लगेच ओल्या कापडाने पुसावे.

पांढऱ्या किंवा पारदर्शक पेनाच्या नळीत थेट शाई भरणे टाळावे. कन्व्हर्टर किंवा तयार शाईची कांडी वापरली तर नळीला शाई लागतच नाही. थेट भरायचीच असेल तर आट्यांना शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. त्याने गळती थांबते आणि शाई आट्यांत शिरत नाही. त्याऐवजी व्हॅसलीन लावू नये. ते रबराच्या कड्यांना फुगवते आणि खराब करते.

पेन किती दिवसांनी आणि कसे धुवावे?

रोज वापरात असलेले पेन तीन-चार आठवड्यांनी एकदा, शाईचा रंग बदलताना प्रत्येक वेळी आणि आठवड्याहून अधिक काळ लिहायचे नसेल तेव्हा रिकामे करून. पावसाळ्यात दोन आठवड्यांनी धुणे चांगले. टोपण मात्र दर रविवारी एकदा उजेडात धरून आत पाहावे. याला अर्धा मिनिट लागतो आणि बहुतेक डाग इथेच टळतात.

धुण्यासाठी साधे, खोलीच्या तापमानाचे पाणी पुरते. कन्व्हर्टरने पाणी आत-बाहेर करावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. टोपणात पाणी भरून अर्धा तास ठेवावे आणि हलवून ओतावे. आतला कोपरा कापूसकाडीने पुसावा. शाई चिवट असेल तर पेलाभर पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाचा एक थेंब घालावा आणि नंतर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर शेवटचे धुणे गाळलेल्या किंवा शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने करावे, नाहीतर पांढरे क्षार राहतात. शेवटी पेन निब खाली करून टिश्यू ठेवलेल्या पेल्यात रात्रभर उभे ठेवावे. टोपण पाण्यात रात्रभर बुडवून ठेवू नये, कारण आतील लोखंडी भाग गंजतो आणि गंजाचा डाग शाईपेक्षा चिवट असतो.

डाग पडलाच तर?

आधी वेळ द्यावा. टोपण साबणाच्या पाण्यात एक-दोन तास, मग स्वच्छ पाणी, असे दोन-तीन दिवस करावे. ताजा डाग याने बराच फिका होतो.

पुढची पायरी घरगुती अमोनियाची. एक भाग अमोनिया, नऊ भाग पाणी. काही मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना अमोनिया लावू नये.

काही रंग फक्त ब्लीचने जातात. त्यासाठी एक भाग घरगुती ब्लीच आणि निदान दहा भाग पाणी घ्यावे. हे फक्त सुट्या प्लास्टिक टोपणासाठी, पाच मिनिटांपुरते. निबेला आणि क्लिपला ते लागू देऊ नये. स्टील आणि सोन्याचा मुलामा दोन्ही खराब होतात.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. अमोनिया आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, एकापाठोपाठही वापरू नये. दोन्हींच्या संयोगातून फुप्फुसांना घातक वायू तयार होतो. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल हेही तितकेच धोक्याचे. एका दिवशी एकच उपाय, खिडकी उघडी ठेवून आणि मुलांना दूर ठेवून करावा.

यानेही न निघालेला डाग मुरलेला आहे असे समजावे. त्याने लिहिण्यात काहीही फरक पडत नाही.

काय अजिबात करू नये?

- नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावू नये. अ‍ॅसिटोनमुळे अ‍ॅक्रिलिक, एबीएस आणि सेल्युलॉइड विरघळतात.

- सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसू नये. अल्कोहोलमुळे अ‍ॅक्रिलिकवर बारीक तडे जातात आणि पारदर्शक पेन धुरकट होते.

- उकळते पाणी वापरू नये. सेल्युलॉइड वाकते, एबोनाइटचा रंग उडतो.

- टूथपेस्ट घासू नये. तिच्यातील कण पृष्ठभाग खरवडतात, चमक जाते आणि नवे ओरखडे पुढची शाई अधिक धरतात.

- डाग उडावा म्हणून पेन उन्हात ठेवू नये. पांढरे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते. मग निळ्या डागाऐवजी पिवळे पेन हातात येते.

जुन्या पेनाचा पिवळेपणा हा डाग आहे का?

बहुतेक वेळा नाही. आजोबांच्या कपाटात सापडलेले फिकट रंगाचे जुने पेन मधोमध तपकिरी झालेले असेल, तर त्याचे कारण शाई नसून आतली रबरी पिशवी असू शकते. जुन्या पेनांत शाई रबराच्या पिशवीत साठवत. त्या रबरातून गंधकाची वाफ सुटत राहते आणि फिकट सेल्युलॉइड आतून काळवंडते. हा बदल धुण्याने जात नाही. अशी पेने पाण्यात भिजवत ठेवू नयेत. दुधातील प्रथिनापासून बनवलेल्या केसीनच्या पेनाला तर पाण्याचेच वावडे असते, ते फुगते आणि तडकते. पेन कशाचे आहे हे कळत नसेल तर ओल्या कापडाने पुसण्यापलीकडे जाऊ नये, ते जुनी पेने दुरुस्त करणाऱ्याला दाखवावे. टोपणाला आत गंधक किंवा कापरासारखा वास येतो का, हे पाहिले तरी अंदाज येतो. गंधकाचा वास रबराचा, कापराचा वास सेल्युलॉइडचा.

थोडक्यात काय करावे?

घाट चढण्याआधी पेन पूर्ण भरा किंवा रिकामे करा आणि निब वर ठेवा. पांढऱ्या पेनात साधी धुऊन निघणारी शाई वापरा. सिरिंजने भरा, आटे पुसा, टोपण सावकाश काढा. आठवड्यातून एकदा टोपणात डोकावा आणि थेंब दिसला तर त्याच दिवशी धुवा.

या सगळ्याचा खर्च पाच-दहा रुपयांची सिरिंज आणि घरातले पाणी एवढाच आहे. शाईपेन हे वर्षानुवर्षे टिकणारे साधन आहे, रिफिल संपली की फेकून द्यायची वस्तू नव्हे. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले किंवा मुलीने पहिल्या पगारातून घेतलेले पांढरे पेन पुढची वीस वर्षे पांढरे राहू शकते. त्यासाठी महागडे रसायन लागत नाही, थेंबाला मुरायला वेळ न देणे पुरेसे आहे.